फौंड्रीचं लाइट बिल आणि ‘अदिती’ची पाच टक्के व्याजसवलत

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यातल्या फौंड्रीवाल्यांशी, म्हणजे लोखंड वितळवून, साच्यात ओतून कास्टिंग बनवणाऱ्यांशी. बाकीचे लघुउद्योजकही ऐका, कारण योजना तुमच्यासाठीही आहे.

कार्बन हा शब्द ऐकला की आपल्याकडे बरेच मालक म्हणतात, ‘ते मोठ्या कंपन्यांचं बघा.’ पण हिशेब करून बघू. इंडक्शन फर्नेसवर, म्हणजे विजेच्या भट्टीवर, एक टन लोखंड वितळवायला ६०० युनिटच्या आसपास वीज जाते. आपल्या देशात एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे एक टन मेटलमागे चारशे किलोहून जास्त, तोही फक्त विजेचा. तुमचा कार्बन तुमच्या लाइट बिलातच बसलाय. बिल उतरलं की तोही उतरतो.

त्यासाठी केंद्र सरकारची योजना आहे, ‘अदिती’. ऊर्जा मंत्रालयाच्या ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीनं, म्हणजे बीईईनं, जुलै २०२५मध्ये पानिपतला ती सुरू केली. तरतूद १,००० कोटींची. शोधताना स्पेलिंग नीट टाका: ए, डी, डबल ई, टी, आय, ई. संरक्षण खात्याचीही ‘अदिती’ नावाची योजना आहे, ती वेगळी.

मिळतं काय? वीज किंवा इंधन वाचवणारी यंत्रणा बसवायला बँकेचं कर्ज काढलंत, तर सूक्ष्म आणि लघु उद्योगाला व्याजात ५ टक्के सवलत, मध्यम उद्योगाला ३ टक्के. समजा ५० लाखांचं कर्ज १० टक्क्यांनी मिळालं. पहिल्या वर्षाचं व्याज साधारण ५ लाख, त्यातला निम्मा भार सरकार उचलतं. फौंड्री, फोर्जिंग, टेक्स्टाइल, अन्नप्रक्रिया, वीटभट्टी, काच, औषधनिर्मिती अशी एकूण १४ क्षेत्रं यात आहेत. उद्यम नोंदणी हवी आणि किमान १० टक्के ऊर्जा वाचल्याचं दाखवावं लागतं.

सगळे व्याजाबद्दल विचारतात. माझ्या मते या योजनेतली खरी मोलाची गोष्ट आहे एनर्जी ऑडिट. गुंतवणुकीचा निर्णय घेता येईल इतकं सविस्तर ऑडिट आणि त्यावरून प्रकल्प अहवाल, यासाठी योजनेत मदत आहे. फर्नेस नेमकी कुठं वीज खाते, हे मालकाला अंदाजानं माहीत असतं, आकड्यात नसतं.

शॉपवर उभं राहून बघा. हीट, म्हणजे वितळलेलं मेटल, तयार आहे, पण मोल्ड, म्हणजे साचे, तयार नाहीत. मेटल फर्नेसमध्ये तसंच धरून ठेवलंय आणि मीटर पळतोय. झाकण बाजूला पडलंय, वरून लालबुंद उष्णता निघून चाललीय. रनर-रायझर, म्हणजे कास्टिंगपासून तोडलेले जास्तीचे तुकडे, साच्याची वाळू न झाडता तसेच पुन्हा वितळवायच्या मालात टाकलेत, म्हणजे ती वाळू तापवायची वीजही तुम्हीच भरताय आणि स्लॅग, म्हणजे वितळलेल्या मेटलवरची मळीही वाढतेय. यातल्या अर्ध्या गोष्टींना कर्ज लागतच नाही! समजा टनामागे ५० युनिट वाचले आणि महिन्याला २०० टन मेल्टिंग आहे. १०,००० युनिट झाले. ८ रुपये दर धरला तरी महिन्याला ८० हजार, आणि सात टन कार्बन कमी.

एक काळजी घ्या. आधी मशीन घेऊ आणि नंतर योजनेत बसवू, असं करू नका. बचत दाखवायची तर आधीचा खप मोजलेला पाहिजे. जुनी फर्नेस भंगारात गेल्यावर तो आकडा आणणार कुठून?

आणि एक गोष्ट मला मनापासून खटकते. व्याज कमी झालं तरी बँक तारण मागायची ती मागतेच. ज्याची जागा आधीच गहाण आहे, अशा छोट्या फौंड्रीवाल्याला ५ टक्क्यांचा उपयोग कागदावरच राहतो. तारणाचा हा प्रश्न संघटनांनी लावून धरायला हवा.

घाई कशाला, असं वाटत असेल तर युरोपकडे बघा. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट अशा मालावरचा त्यांचा कार्बन कर, सीबॅम, जानेवारी २०२६पासून लागू झालाय. तुमचं कास्टिंग थेट त्यात येवो न येवो, निर्यात करणारा ग्राहक उद्या तुमच्याकडे टनामागचा आकडा मागू शकतो.

तेव्हा या आठवड्यात एवढं करा. गेल्या बारा महिन्यांची लाइट बिलं आणि मेल्टिंगचं रजिस्टर शेजारी ठेवा, युनिटला टनांनी भागा. मग बीईईच्या पोर्टलवर आपला क्लस्टर, म्हणजे एकाच धंद्यातल्या कारखान्यांचा पट्टा, यादीत आहे का बघा. पहिल्या टप्प्यात ६० क्लस्टर आहेत, पुढच्यात आणखी १००. नसेल, तर एमआयडीसीतल्या आपल्या असोसिएशनला आत्ताच पत्र द्या. आणि तुमचा टनामागचा आकडा किती निघाला, ते खाली कमेंटमध्ये फर्नेसच्या क्षमतेसह लिहा. पुढच्या व्हिडिओत आपण तेच आकडे घेऊन बसू.