ब्यूटचं पाणी

हे जे लालसर तपकिरी पाणी दिसतंय ना, तो तलाव नाहीये. हे अमेरिकेच्या मोंटाना राज्यातलं ब्यूट, आणि गावाला अगदी चिकटून असलेली ही बर्कली पिट, तांब्याची उघडी खाण. 1955 ला खणायला घेतली आणि वाढत वाढत मीडरव्हिलसारख्या अख्ख्या वस्त्या तिच्या पोटात गेल्या. 1982 मध्ये खोदकाम थांबलं, त्याच वर्षी 22 एप्रिलला, बरोब्बर वसुंधरा दिनाला, खालच्या बोगद्यांमधलं पाणी उपसणारे पंपही बंद केले. मग पाणी चढतच गेलं.

इथल्या दगडात पायराइट आहे, म्हणजे लोखंड आणि गंधक. त्याला हवा-पाणी लागलं की ॲसिड तयार होतं आणि ते ॲसिड दगडातलं तांबं, जस्त, कॅडमियम, आर्सेनिक सगळं विरघळवून पाण्यात आणतं. तांबं तर इतकं, की हे पाणी भंगार लोखंडावरून सोडलं की लोखंड विरघळत जातं आणि त्याच्या जागी तांबं बसतं! कंपनीने असं तांबं काढून विकलंय सुद्धा.

1995 मध्ये स्नो गीजचा थवा इथे उतरला, 342 पक्षी मेले. 2016 ला बर्फाच्या वादळात हजारो उतरले, त्यातलेही तीन हजारांहून जास्त गेले. बिचाऱ्यांना काय माहीत खाली काय भरलंय. आता माणसं पहारा देतात, बंदुकीचे आवाज काढून पक्षी उठवतात.

सफाईचा मुख्य आधार चुना. हॉर्सशू बेंडच्या प्लांटमध्ये पाण्यात चुना मिसळतात, आम्लता उतरते, धातूंचा गाळ खाली बसतो, आणि तो गाळ परत खड्ड्यातच सोडतात, दुसरीकडे नेणार कुठे? 2019 पासून खड्ड्यातलं पाणीही उपसून, साफ करून सिल्व्हर बो ओढ्यात सोडायला लागले, कारण पातळी समुद्रसपाटीपासून 5,410 फुटांच्या वर गेली तर हे विष भूजलात आणि ओढ्यात शिरू शकतं.

मला यातली सगळ्यात जड गोष्ट वाटते ती ही, की खाण चालली जेमतेम 27 वर्षं आणि हे पंप मात्र कायमचे चालवायचेत. खर्च कंपन्यांनी करायचा असं ठरलंय, आणि तो त्यांच्याकडून वसूल होतोय की नाही हे ब्यूटच्या पुढच्या पिढ्यांनाही बघत राहावं लागणार आहे.