धसक्याने हृदयाचा ताल का बिघडतो?

नमस्कार. ‘धसका घेऊन गेला’ असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. या बोलण्यात तथ्य किती आहे, हे समजून घेण्यासाठी १७ जानेवारी १९९४ ची पहाट पाहू. त्या दिवशी साडेचारच्या सुमारास अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजचा भूकंप झाला. हृदयधमन्यांच्या आजारामुळे अचानक होणारे मृत्यू आदल्या आठवड्यात लॉस एंजेलिस काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) दिवसाला सरासरी ४.६ होते, भूकंपाच्या दिवशी ते २४ झाले. त्यांपैकी फारच थोड्यांनी नेहमीपेक्षा जास्त धावपळ केली होती. पुढच्या सहा दिवसांत मात्र हा आकडा नेहमीच्या सरासरीच्याही खाली आला, आणि मला हाच भाग सर्वांत बोलका वाटतो: ज्यांचे हृदय आधीच आजारी होते, त्यांचा मृत्यू त्या धसक्याने अलीकडे ओढला असावा.

हे घडते कसे? भीती वाटताच मेंदूचे संदेश मेरुरज्जूतून मानेच्या तळाशी असलेल्या चेतागाठींपर्यंत (चेतापेशींच्या पुंजक्यांपर्यंत) येतात आणि तेथून निघालेले अनुकंपी (शरीराला संकटासाठी सज्ज करणारे) चेतातंतू थेट हृदयाच्या स्नायूत नॉरअॅड्रिनॅलिन हे उत्तेजक रसायन सोडतात. ठोके जलद होतात, पेशींतील कॅल्शियम वाढते. निरोगी हृदय हे सहसा पेलते. परंतु हृदयविकाराच्या जुन्या झटक्याचा व्रण असलेल्या हृदयात काही ठिकाणचे चेतातंतू मेलेले, तर काही ठिकाणी ते नव्याने दाट उगवलेले असतात. त्यामुळे एकच संदेश सगळीकडे सारखा पोहोचत नाही, एक भाग पुढच्या ठोक्यासाठी तयार झालेला असताना शेजारचा भाग अजून सावरत असतो, आणि विजेची लहर पुढे जाऊन विझण्याऐवजी व्रणाभोवती गोल फिरू लागते. ती फुटून विखुरली की हृदयाचे खालचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात आणि माणूस काही सेकंदांत शुद्ध हरपतो.

व्रण नसतानाही हा धोका संभवतो. लाँग क्यूटी सिंड्रोम या आनुवंशिक विकारात हृदयाला प्रत्येक ठोक्यानंतर विजेच्या दृष्टीने सावरायला जास्त वेळ लागतो. त्याच्या दुसऱ्या प्रकारात गजराचा किंवा फोनचा अवचित आवाजही पुरतो. पहिल्या प्रकारात व्यायाम, विशेषतः पोहणे, निमित्त ठरते. म्हणून एखादी तरुण मुलगी दचकून बेशुद्ध पडली, तर ‘घाबरट आहे’ म्हणून तो प्रसंग कृपया सोडून देऊ नका. ईसीजी काढून घ्या आणि घरात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झाला असल्यास तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा. अशा रुग्णांना दिल्या जाणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळ्या चेतातंतूंच्या याच संदेशाचा जोर कमी करतात. बरे वाटते आहे म्हणून त्या स्वतःच्या मनाने बंद करू नका.