दोन डायलिसिसच्या मधले दिवस

श्रोतेहो, नमस्कार.

"आज पाऊस फार आहे, अंगही कसकसतंय. आजचं डायलिसिस राहू द्या, परवा येतो." पावसाळ्यात मुंबईतल्या डायलिसिस सेंटरला असे फोन येतात. मला त्या 'परवा'ची भीती वाटते.

किडनी निकामी झालेल्या माणसाला बहुतेक वेळा हृदय दगा देतं, त्याखालोखाल जंतुसंसर्ग. निरोगी किडनी आठवड्याचे 168 तास राबते. डायलिसिस म्हणजे मशीननं रक्त गाळणं; त्याचे मिळतात आठवड्याला 12 तास, तेही चार-चार तासांच्या तीनही पाळ्या पुऱ्या केल्या तर. उरलेल्या वेळात अंगात पाणी साठत राहतं, आणि पोटॅशियमही, म्हणजे वाढला की हृदयाचे ठोके बिघडवणारा क्षार. सोमवार-बुधवार-शुक्रवार अशी पाळी असेल, तर शुक्रवार ते सोमवार हा मोठा खंड पडतो. अमेरिकेत 32 हजारांहून जास्त रुग्णांची माहिती तपासली गेली, 2011 साली ती प्रसिद्ध झाली. मृत्यूचं प्रमाण या मोठ्या खंडानंतरच्या दिवशी अधिक होतं. आपल्याकडे तर पैशांपायी कितीतरी जण आठवड्यातून दोनदाच मशीनवर येतात. त्यांना वरचेवर असाच खंड पडतो.

आता वजनकाट्यापाशी चला. एका काकांचं ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी काढून टाकल्यावरचं वजन, 58 किलो, आणि काटा दाखवतो 62. म्हणजे जवळपास चार लिटर पाणी. चार तासांत सोसेल असं फार तर तीन लिटर निघतं. त्याहून जास्त ओढलं की बीपी कोसळतं, पोटऱ्यांत गोळे येतात, हृदयावर ताण पडतो. घरचे म्हणतात, "पाणी मोजूनच देतो हो." पण लोणचं, पापड, फरसाण, सुकट चालूच असेल तर तहान आवरणार कशी? आधी मीठ कमी करा. 'लो सोडियम' मीठ मात्र आणू नका, त्यात पोटॅशियम असतं. भेटायला येणारे मायेनं शहाळं आणतात, तेही पोटॅशियमनं भरलेलं. आणि मीठ-तिखट लावलेलं कमरख, म्हणजे स्टारफ्रूट, तर या रुग्णांना थेट विषासारखं बाधतं, त्याला हातही लावू नका.

पावसाची तयारी आधीच हवी. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, लोकल जागच्या जागी थांबल्या. म्हणून रेड अलर्टची बातमी कानावर आली की लगेच सेंटरला फोन करून विचारा, "पाळी आदल्या दिवशी घेता येईल का?" चालत गाठता येईल असं दुसरं सेंटर हेरून ठेवा. ड्राय वेट, चालू औषधं आणि हिपॅटायटिस बी, सी व एचआयव्हीचे ताजे रिपोर्ट एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. हे रिपोर्ट नसले तर नवीन ठिकाणी मशीन मिळणं कठीण जातं.

आणि अडकलातच, तर पाणी निम्म्यावर आणा, फळं बंद करा. धाप लागली, आडवं झोपवेना किंवा हातापायांतलं बळ गेलं, तर पाळीची वाट न बघता जवळचं मोठं इस्पितळ गाठा. कॅथेटर, म्हणजे डायलिसिससाठी रक्तवाहिनीत बसवलेली नळी, असलेल्या रुग्णाला हुडहुडी भरून ताप आला, तरी हेच करा. दारातच सांगा, "पेशंट डायलिसिसवर आहे," आणि शेवटचं डायलिसिस कोणत्या वारी झालं तेही.