कॅसेटची चौथी पिढी

जॉय डिव्हिजन या इंग्लिश रॉक बँडच्या लाइव्ह कार्यक्रमांची अनधिकृत रेकॉर्डिंग जमवतो असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "पण आवाज कसा असतो हो?" वाईट असतो. कधीकधी इतका वाईट की ड्रम पत्र्याच्या डब्यासारखे वाजतात आणि बास नुसता छातीत जाणवतो. स्वच्छ आवाजच हवा असेल तर स्टुडिओतले दोन अल्बम आहेतच, ते ऐकावेत. आमचा नाद वेगळा आहे.

१९७९ साली एखाद्या क्लबात कुणीतरी कोटाच्या आत रेकॉर्डर लपवून उभा असायचा. साठ मिनिटांची कॅसेट असेल तर एका बाजूला तीसच मिनिटं. मग ऐन गाण्यात खट्ट आवाज येतो आणि कॅसेट उलटून होईपर्यंतचं गाणं कायमचं गेलेलं असतं. त्या टेपवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. आम्ही यांना पिढ्या म्हणतो. दर पिढीला वरचे बारीक सूर झिजतात आणि सळसळ वाढते. पोथ्यांच्या नकला करताना पाठभेद शिरतात, तसं इथे तारखांचं होतं. एकाने घाईत ३ चा ८ केला की पुढचे सगळे इमानेइतबारे तोच ८ उतरवतात.

म्हणून संग्राहकाचा बराचसा वेळ संगीत ऐकण्यात जात नाही. तो ओळख पटवण्यात जातो. गाण्यांचा क्रम काय, दोन गाण्यांच्या मधे गायक काय बोलला, तोच खोकला दुसऱ्या टेपवरही आहे का? वेगाचा घोळ तर हमखास. टेप जरा जोरात चालली की सूर चढतो. सहा टक्के वेग वाढला तर जवळजवळ अर्धा स्वर वर. अशा वेळी मी गाणी संपल्यावरची शांतता ऐकतो. अँप्लिफायरमधून विजेची जी घुमघुम येते ती इंग्लंडात ५० हर्ट्झची. टेपवर ५३ दिसली की वेग तेवढा खाली आणायचा. ज्या गुणगुणीला साउंड इंजिनिअर शिव्या घालतो, तीच आमचा तंबोरा!

बिघाडाची गोडी कशी असते ते इंग्लंडातल्या प्रेस्टनच्या रेकॉर्डिंगमध्ये कळतं. २८ फेब्रुवारी १९८०. यंत्रसामग्री सतत दगा देते आहे आणि हे चौघे तरीही रेटताहेत. ते १९९९ मध्ये रीतसर प्रसिद्ध झालं, म्हणजे आता ते बूटलेग, अर्थात अनधिकृत रेकॉर्डिंग, राहिलं नाही. पण तो पसारा पुसला नाही हे फार चांगलं केलं. पॅरिसचं १८ डिसेंबर १९७९ चं रेकॉर्डिंग त्याहून कितीतरी नेटकं आहे, आणि मी ते त्याहून कमी वेळा ऐकतो.

आता 'सेरेमनी'. २ मे १९८० ला बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉय डिव्हिजनचा शेवटचा कार्यक्रम झाला, त्यात हे नवं गाणं होतं. १८ मेला बँडचा गायक इयान कर्टिसने आत्महत्या केली. उरलेल्यांनी न्यू ऑर्डर या नावाने १९८१ मध्ये हेच गाणं पहिलं सिंगल म्हणून काढलं, पण आधी शब्द तर हवेत! कर्टिसने ते लिहून ठेवलेले त्यांच्या हाती नव्हते. तेव्हा बँडचा गिटारवादक बर्नार्ड समनरने जुनं रेकॉर्डिंग इक्वलायझरमधून, म्हणजे आवाजातले वरचे-खालचे सूर कमीजास्त करणाऱ्या यंत्रातून, पुन्हापुन्हा फिरवून एकेक शब्द वेचला. आम्ही रात्री-अपरात्री करतो तेच काम, फक्त त्याला ते मित्राच्या आवाजावर करावं लागलं.

बर्मिंगहॅमचा तो कार्यक्रम 'स्टिल' या अल्बमवर आहे. 'सेरेमनी' सुरू होतं तेव्हा गायकाचा आवाज जवळजवळ नाहीच, तो नंतर वर येतो. गाणं पाठ असूनही दर वेळी माझा हात आपोआप आवाज वाढवायला जातो. मोठी होते ती फक्त गिटार.