खुबा दुखतो, नाव कंबरेचं
(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज, आणि सुट्टीची सकाळ असूनही हातात क्लब, म्हणजे गोल्फची काठी, न घेता खुर्चीत बसलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

फलकावर विषय लिहिलाय, 'गोल्फच्या स्विंगमुळे होणारं खुब्याचं दुखणं : सात दुरुस्त्या'. सात हा आकडा माझा नाही. मी संयोजकांना 'काही दुरुस्त्या' म्हणालो होतो. 'काही' फलकावर शोभत नाही म्हणून त्यांनी सात केलं. आता सात भरवणं आलं. भरवू.

आधी एक करा. खेळून आल्यावर ज्यांना दुखतं, त्यांनी उभं राहून दुखतं तिथं हात ठेवा. बघा, या बाजूच्या पाच-सहा जणांचा हात मागे, पट्ट्याच्या जरा खाली. मधल्या रांगेतल्या ताईंचा हात बाहेरच्या बाजूला, पँटचा खिसा येतो तिथं. आणि ते मागचे गृहस्थ हात कुठं ठेवावा या विवंचनेत आहेत, म्हणजे त्यांचं जांघेत दुखतंय. (हशा) लाजू नका हो, माझंही तिथंच दुखायचं. बसा. आता सांगा, काय दुखतं? 'कंबर!' एका सुरात! जागा तीन, आणि नाव एक.

माझं भांडण इथंच आहे. या सांध्याला आपल्याकडं चांगला नेटका शब्द आहे, खुबा. पण तो बाहेर कधी निघतो? घरातलं म्हातारं माणूस पडलं की. 'आजीचा खुबा मोडला.' तोवर जणू खुबा कुणाला नसतोच. गुडघा दुखला तर आपण गुडघा म्हणतो, खांद्याला खांदा म्हणतो, अगदी अंगठ्याच्या नखालासुद्धा नख म्हणतो. आणि ज्याचं चित्र आपण सगळ्यांनी शाळेत काढलं, उखळीचा सांधा आणि बिजागरीचा सांधा, फरक स्पष्ट करा, दोन गुण, तो शरीरातला सगळ्यांत मोठा उखळीचा सांधा मोडेपर्यंत बेनाम राहतो. त्याचं सगळं दुखणं कंबरेच्या खात्यावर. तुम्ही म्हणाल, शब्दानं काय फरक पडतो? मला तीन वर्षांचा फरक पडला. ते सांगतो, मग सात दुरुस्त्या.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माझी नोकरी फिरणाऱ्या यंत्रांत गेली. पंप, शाफ्ट, बेअरिंग. निवृत्तीच्या आधी चारेक वर्षं हा खेळ लागला आणि निवृत्तीनंतर तो व्यसनाला पोचला. रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, तासाभरात शंभर चेंडू मारायचे, नंतर अठरा होल चालायचे. एकदा ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याचा क्लब, मारल्यावर डावीकडं, पुढच्या बाजूला आत, चमक आली. पटर, म्हणजे चेंडू होलकडं हळूच ढकलायचा क्लब, मारताना काही नाही. चालतानाही फारसं नाही. पण घरी जाताना गाडीत बसायला पाय उचलला की पुन्हा तीच चमक. मोजे घालताना तर डावा पाय परक्याचा असल्यासारखा.

बायको म्हणाली, काय झालं? मी म्हणालो, कंबर धरली. झालं! एकदा 'कंबर' म्हटलं की पुढची सगळी वरात ठरलेली. कंबरेचा फोटो काढला. पन्नाशी-साठीच्या कुणाच्याही कंबरेचा फोटो काढा, त्यात झीज दिसतेच, माझ्याही दिसली. मग पट्टा आला. गादी बदलली. ती इतकी टणक होती की दोन महिने खांदे दुखले. पाठीचे व्यायाम सुरू झाले, त्यात गुडघे छातीशी आवळून धरायचे. डावा गुडघा आवळला की जांघेत सुरी फिरायची, आणि मी शिस्तीचा माणूस, म्हणून जास्त आवळायचो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! मधल्या काळात दोन ड्रायव्हर बदलले, कारण एका हितचिंतकानं सांगितलं की शाफ्ट, म्हणजे क्लबची दांडी, ताठ आहे. शाफ्ट ताठच होता हो, पण हातातला नाही, पायातला.

(अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं आहे. मला दिसलं.)

शेवटी एका तरुण फिजिओथेरपिस्ट मुलीनं दोन मिनिटांत निकाल लावला. मी आत शिरून 'कंबर' म्हणालो. ती म्हणाली, 'काका, एका बोटानं दाखवा.' तीन वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी जांघेत बोट ठेवलं. तिनं मला उताणं झोपवलं, मांडी नव्वद अंशांत उभी केली आणि पोटरी धरून पाऊल बाहेरच्या बाजूला फिरवलं. उजवा पाय पस्तीस अंशांपर्यंत मजेत गेला. डावा दहावर अडला. ताणून थांबला नाही, अडला. कुलूप लावलेलं स्टिअरिंग अडतं ना, तसा. आणि चमक, तीच चमक, माझ्या ड्रायव्हरची, तिथं त्या टेबलावर.

तुम्हीही करून बघा, खुर्चीतच. पाठ ताठ, दोन्ही गुडघे जुळलेले, हातांनी धरून ठेवा. आता गुडघे न सोडता दोन्ही पावलं बाहेर फाकवा. पाऊल बाहेर जातं तेव्हा मांडी खुब्यात आत फिरते. हे उलटं वाटतं. मलाही वाटलं होतं, आणि मी इंजिनिअर आहे. साधारणपणे 30 ते 40 अंश मिळावेत. डावी-उजवी सारखी आहेत का बघा. शेजाऱ्याची बघू नका, स्वतःची बघा!

आता यंत्राचं काम समजून घ्या. मी उजव्या हातानं खेळणाऱ्यांबद्दल बोलतोय. बॅकस्विंगमध्ये, म्हणजे क्लब मागं नेताना, ओटीपोटाचा सगळा सांगाडा उजवीकडं फिरतो, तेव्हा उजवा खुबा आत वळतो. डाउनस्विंग, म्हणजे क्लब खाली चेंडूवर आणणं, होतो साधारण पाव सेकंदात. त्या पाव सेकंदात तोच सांगाडा डाव्या मांडीवर गरकन डावीकडं येतो. पाऊल खाली रोवलेलं, बुटाचे खिळे गवतात रुतलेले. मांडी जागची हलत नाही, वरची उखळ फिरते. हिशेब एकच, डावा खुबा आत वळला. मघाशी टेबलावर पावलानं केलं ते इथं अख्खं धड करतं, वजनासकट आणि वेगानं.

समजा तुमच्याकडं दहाच अंश आहेत. चेंडू थोडाच थांबणार आहे? धड फिरणारच. उरलेले अंश शरीर दुसरीकडून उसने घेतं, खाली गुडघ्याकडून नाहीतर वर मणक्याकडून. बेअरिंग जाम झालं की शाफ्ट वाकतो, आणि लोक शाफ्ट बदलत बसतात. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच. गोल्फ खेळणाऱ्यांच्या दुखण्यांत पाठीचा नंबर कायम वर असतो. व्यावसायिक खेळाडूंच्या 2004 मधल्या एका अभ्यासात, ज्यांची पाठ दुखत होती त्यांचा पुढचा, म्हणजे चेंडू जातो त्या बाजूचा, खुबा आत कमी वळतो असं आढळलं होतं. म्हणजे कंबर म्हणणारे अगदीच खोटे नाहीत. पण ते साक्षीदाराचं नाव सांगतात, आरोपीचं नाही.

खुबा अडतो कशानं, याचं एक कारण तरी सांगायला हवं. उखळीच्या कडेला कूर्चेची एक कड असते, वॉशरसारखी. तिला लेब्रम म्हणतात. काहींच्या मांडीच्या हाडाचा गोळा पुरता गोल नसतो, त्या हाडाच्या मानेपाशी उंचवटा असतो. काहींच्या उखळीची कड जास्त पुढं आलेली असते. पाय वाकवून आत फिरवला की हाडावर हाड आपटतं आणि मधली कड चिमटते. स्वित्झर्लंडमधल्या बर्नचे शल्यविशारद राइनहोल्ड गान्झ यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये हे नीट मांडलं आणि पुढच्या झिजेशी त्याचा संबंध जोडला. आणि बघा, चेंडूपुढं आपण उभे राहतो ते खुब्यातून वाकून, आणि फिरतो आत. नेमकी तीच दोन कामं! मोजे घालतानाही जवळपास तेच. पण नुसत्या फोटोत उंचवटा दिसला म्हणून घाबरू नका. तज्ज्ञांनी 2016 मध्ये इंग्लंडमधल्या वॉरिक इथं एकमतानं ठरवलं की त्रास, तपासणी आणि फोटो, तिन्ही जुळले तरच त्याला दुखणं म्हणायचं. उंचवटा घेऊन मजेत फिरणारे पुष्कळ आहेत.

आता अमेरिकेचे थोर गोल्फपटू जॅक निक्लाउस. (सभागृहातून : 'वेळ!') अहो, निक्लाउसशिवाय कसं चालेल! 1998 च्या मास्टर्स या मोठ्या स्पर्धेत वय 58, डावा खुबा पार झिजलेला, आणि गडी सहाव्या क्रमांकावर बरोबरीत. पुढच्या जानेवारीत त्यांनी तो खुबा बदलून घेतला. तिथलेच दुसरे दिग्गज टॉम वॉटसन यांनी ऑक्टोबर 2008 मध्ये डावाच खुबा बदलला, आणि जुलै 2009 मध्ये स्कॉटलंडमधल्या टर्नबेरीला, वयाच्या 59 व्या वर्षी, ब्रिटिश ओपन स्पर्धा जिंकायला त्यांना शेवटच्या होलवर फक्त पार, म्हणजे ठरलेल्या फटक्यांत होल, हवा होता. बोगी झाली, म्हणजे एक फटका जास्त लागला. प्लेऑफमध्ये स्टुअर्ट सिंक जिंकला. मी त्या रात्री जेवलो नाही. पण नवा खुबा घालून नऊ महिन्यांत माणूस तिथवर पोचतो, हे ध्यानात ठेवा. आणि दोघांचाही डावाच!

मागून कुणीतरी बरोबर प्रश्न टाकलाय. मी सगळ्यांना सांगत फिरतो की बॅकस्विंगमध्ये डावी टाच उचला, जुने लोक उचलायचे. मग निक्लाउस तर टाच उचलायचे, त्यांचा खुबा का गेला? खरं आहे. टाच उचलण्यानं बॅकस्विंग मोकळा होतो, पण डाव्या खुब्याची परीक्षा पुढच्या अर्ध्यात असते, आणि आयुष्यभर किती चेंडू मारले त्याचाही हिशेब असतोच. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. 1992 मध्ये गोल्फ शिकवणारे जिम मॅक्लीन यांनी 'एक्स-फॅक्टर' हा शब्द आणला. खांदे जास्त फिरवा, खालचा भाग कमी, मधला पीळ म्हणजे ताकद. तरण्याताठ्या व्यावसायिकाला ठीक आहे. आपल्यासारख्यांनी तो वाचला, टाच जमिनीला खिळली, खालचा भाग आवळून धरला, आणि बिल मणक्याला आणि खुब्याला पाठवलं.

पाच मिनिटांची चिठ्ठी आली आहे. तर दुरुस्त्या, पळत पळत.

डावं पाऊल चेंडूच्या रेषेशी काटकोनात ठेवू नका, वीस-पंचवीस अंश बाहेर वळवा. जुन्या पिढीतले दिग्गज बेन होगनही डावं पाऊल बाहेर वळवायला सांगत. मांडी आधीच बाहेर वळलेली, म्हणजे आत फिरायला तेवढी जागा शिल्लक. माझ्या दहा अंशांचे असे तीस झाले, फुकट. मारून झाल्यावर डावं पाऊल टाचेवर फिरलं तर फिरू द्या, खिळून धरू नका. उजवं पाऊलही थोडं बाहेर, म्हणजे बॅकस्विंगला उजवा खुबा कुरकुरणार नाही. डावी टाच उचला, बोललो. बॅकस्विंग आखूड करा. अंतर थोडं जाईल, जाऊ दे. शेवटी धनुष्यासारखं मागं वाकून फोटोसाठी उभं राहू नका, सरळ डाव्या पायावर उभे राहा. सहा झाल्या ना? सातवी, रेंजवर शंभरऐवजी चाळीस चेंडू, आणि पहिले दहा वेजनं, म्हणजे छोट्या फटक्याच्या क्लबनं.

मधल्या रांगेतल्या ताई, तुमचं बाहेरच्या बाजूचं वेगळं आहे. त्याला पूर्वी सरसकट बर्साची, म्हणजे हाडाजवळच्या द्रवाच्या पिशवीची, सूज म्हणायचे. बहुतेकदा दुखतात ते कुल्ल्याच्या स्नायूंचे कंडरे, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारे दोर. तिथं वळण्यापेक्षा सरकणं वाईट, म्हणजे डाउनस्विंगमध्ये खुबा डावीकडं बाहेर ढकलला जातो ते. त्या कुशीवर झोपू नका, पायावर पाय टाकून बसू नका, एका पायावर रेलून गप्पा मारू नका. आणि ताणण्यापेक्षा स्नायू बळकट करा. ऑस्ट्रेलियातली एक चाचणी 2018 मध्ये प्रसिद्ध झाली, 204 जणांची. आठ आठवड्यांनी पाहिलं तर व्यायाम आणि नीट समजावून सांगणं, हे इंजेक्शनपेक्षा सरस ठरलं. इंजेक्शन घेऊ नका असं मी म्हणत नाही, तो अधिकार माझा नाही.

जांघवाल्यांनो, हाड हाडाला अडलं असेल तर ताणून जागा होत नाही. मी तीन वर्षं ताणून पाहिलंय. दुखत नाही तिथवरच फिरवा, कुल्ल्याचे आणि पोटाचे स्नायू कमवा. रात्री झोपमोड करणारं दुखणं असेल, पडल्यानंतर पायावर भार देता येत नसेल, ताप असेल, तर माझं व्याख्यान विसरा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि तिथं गेल्यावर कंबर म्हणू नका. एका बोटानं दाखवा.

डावखुऱ्यांनी सगळं उलट धरावं. अध्यक्ष उभे राहिलेत, म्हणजे संपलं. प्रश्न बाहेर घेतो. तिथं सतरंजी टाकली आहे, कोनमापकही आणलाय. मघाशी खुर्चीत ज्यांचं डावं पाऊल हललंच नाही, त्यांनी तेवढं घरी जाऊ नका.