साखळीचं तेल आत लागतं

नमस्कार मंडळी. आज ३ जून, जागतिक सायकल दिन. संयुक्त राष्ट्रांनी २०१८ साली हा दिवस ठरवला. आपल्या पुण्याला ही तारीख फार सोयीची आहे. आठवडाभरात, फार तर दहा-बारा दिवसांत पाऊस येईल, आणि सायकल घेऊन निवांत बसायला हेच शेवटचे कोरडे रविवार. संयोजकांनी मला ‘सायकलचे फायदे’ हा विषय सुचवला होता. मी म्हटलं, ते फायदे माहीत आहेत म्हणूनच ही मंडळी येणार. मला साखळीवर बोलू द्या.

हा साखळीचा तुकडा मागपर्यंत हातोहात जाऊ द्या. पुसून आणलाय, हात काळे होणार नाहीत. एकच कडी डोळ्यांजवळ धरून बघा. बाहेरच्या दोन पट्ट्या, आतल्या दोन पट्ट्या, त्यांना आरपार जोडणारी पिन, आणि मधोमध मण्यासारखा एक रोलर. तो रोलर नखानं फिरवून बघा, फिरतो. आता कडी वाकवून बघा. वाकताना घासतंय काय? पिन घासतेय, आतल्या पट्टीच्या भोकात. ती जागा तुम्हाला दिसणार नाही, बोटही तिथं पोचणार नाही. साखळीची मुख्य झीज तिथं होते आणि तेलही तिथंच लागतं. बाहेरच्या पट्ट्या कशावरही फिरत नाहीत. त्यांना गंज चढू नये एवढा पुसट हात पुरतो.

ही रचना जुनी आहे. हान्स रेनॉल्ड या मूळच्या स्विस माणसानं १८८० साली मँचेस्टरमध्ये बुश, म्हणजे पिनेभोवतीची बारीक नळी, आणि रोलरवाली साखळी काढली. पुढे सायकलला गिअर आले, साखळ्या बारीक झाल्या, वेगळा बुश गेला आणि आतल्या पट्टीचाच काठ वळवून त्याचं काम व्हायला लागलं. पण एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंत अर्धा इंच, हे माप अजून तेच आहे. दूधवाल्याच्या काळ्या सायकलीचं आणि लाखभर रुपयांच्या सायकलीचं ते एकच. हा अर्धा इंच लक्षात ठेवा, थोड्या वेळानं लागणार आहे.

एक हिशेब करू. पुढचं चक्र ४४ दात्यांचं, पाय मिनिटाला ६० फेरे मारतोय, साखळी ११४ कड्यांची. म्हणजे अख्खी साखळी मिनिटाला साधारण २३ वेळा पूर्ण फिरते. गिअरच्या सायकलीत प्रत्येक फेरीत एक पिन आठ वेळा वाकते किंवा सरळ होते. पुढच्या चक्रावर चढताना आणि उतरताना, मागच्या चक्रावर तसंच, आणि डिरेलरच्या, म्हणजे गिअर बदलणाऱ्या भागाच्या, दोन छोट्या चाकांवर दोन-दोनदा. तासाभरात प्रत्येक पिन अकरा हजारांवर वेळा आपल्या भोकात घासते. त्या भोकात काय आहे, यावर सगळं ठरतं. स्वच्छ तेल असेल तर साखळी वर्षानुवर्षं चालेल. तेलात धूळ कालवलेली असेल तर गॅरेजमध्ये व्हॉल्व्ह बसवताना जी ग्राइंडिंग पेस्ट लावतात, तीच आपण तयार केली. तिचं कामच लोखंड खाण्याचं आहे.

म्हणून साखळी कोरडी वाटली की वरून तेलाची धार सोडायची, ही सवय मला बघवत नाही. बाहेर बसलेली धूळ त्या पातळ तेलाबरोबर आत ओढली जाते. दोन दिवस आवाज बंद होतो, माणूस खूश होतो, आणि आत पिना झिजत राहतात.

साखळी सैल पडली की आपण ती ताणली गेली असं म्हणतो. पोलाद पायाच्या जोरानं ताणलं जात नाही. प्रत्येक पिन केसभर झिजते, भोक केसभर मोठं होतं, आणि अशा शंभरावर जागांची बेरीज साखळीच्या लांबीत दिसते. लांबलेली साखळी मग मागच्या दात्यांनाही आपल्या मापानं झिजवते. दोघं एकमेकांच्या सवयीचे होतात.

याची किंमत मी दिवे घाटात मोजलीय. साखळी जुनी झाली म्हणून नवी टाकली, मागचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या दात्यांच्या चक्रांचा गठ्ठा, तेच ठेवलं, आणि सासवडला निघालो. सपाटीवर काही कळलं नाही. घाटातल्या वळणावर उभा राहून जोर लावला आणि साखळी दात्यांवरून सटकन उडाली. पाय रिकामा खाली गेला, गुडघा हँडलवर आदळला, सायकल आडवी. मागून ट्रक येत होता, त्या चालकानं वेळेवर ब्रेक मारला. नव्या साखळीचं माप अर्ध्या इंचाचं, जुन्या दात्यांचं माप झिजलेलं. जोर पडला की ती त्यांच्यावर बसत नाही. जुनी साखळी मी आधीच वेळेवर बदलली असती तर फ्रीव्हील शाबूत राहिलं असतं आणि तो प्रसंग आला नसता.

वेळ झाली हे कळायला शाळेतली एक फुटाची पट्टी पुरते, फक्त स्टीलची घ्या. साखळी सायकलवरच राहू द्या, पेडल दाबून वरची बाजू ताठ करा. पट्टीचा शून्य एका पिनेच्या बरोबर मध्यावर धरा. अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या चोवीस कड्या पुढे, बारा इंचाच्या रेघेवर, बरोबर पिनेचाच मध्य यायला हवा. सुतारकामाच्या भाषेत सांगतो, कारण ते माप डोळ्यांना लगेच पटतं. पिन रेघेच्या पुढे अर्धं सूत, म्हणजे एका इंचाचा सोळावा भाग सरकली असेल तर साखळी बदला, दाते बहुतेक वाचलेत. पूर्ण एक सूत सरकली असेल तर उशीर झालाय, साखळीबरोबर मागची कॅसेटही, म्हणजे मागच्या चक्रांचा संचही, गेला असं धरून चाला. अकरा-बारा गिअरवाल्यांनी अर्ध्या सुताचीही वाट बघू नये.

आता स्वच्छतेकडे येतो. माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला होते. सकाळी पँटला क्लिप लावून निघायचे. रविवारी चहा झाला की सायकल अंगणात उलटी, हँडल आणि सीटवर उभी, आणि वडील पाटावर बसलेले. हातात जुन्या धोतराचा तुकडा. डाव्या हातानं पेडल उलटं फिरवायचं आणि उजव्या हातातल्या फडक्यातून साखळी जाऊ द्यायची. फडक्यावर काळी पट्टी उमटायची. घडी बदलायची, पुन्हा फिरवायचं. पट्टी काळ्याची करडी होईपर्यंत हेच. तेलाचा डबा त्यांनी आधी कधी उघडला नाही. मी लहानपणी तेल घालायला उतावीळ असायचो, तर म्हणायचे, “बाळा, आंघोळ घातल्याशिवाय कुणी तेल लावतं का?” दिवाळीच्या पहाटे आधी तेल आणि मग आंघोळ असते, असं मी म्हणालो होतो. ते म्हणाले, माणसाची गोष्ट वेगळी, साखळीला न्हाणं आधी.

एवढंच नव्वद टक्के काम आहे, असं मी मनापासून मानतो. दर आठवड्याला, किंवा दीड-दोनशे किलोमीटरनंतर, कोरडं फडकं आणि पाच मिनिटं. फडकं चक्रापासून लांब, साखळीच्या मोकळ्या भागावर धरा आणि पेडल उलटंच फिरवा. सरळ फिरवलं आणि फडक्याचा कोपरा दात्यांत गेला तर बोटही त्याच्यामागे जातं. लहान मुलं शेजारी असतील तर आधी त्यांना उठवा.

पुसून झालं की तेल. प्रत्येक रोलरवर एक थेंब, साखळीच्या आतल्या बाजूनं. हो, ११४ थेंब. जोडकडीपासून सुरुवात करा, ती फिरून पुन्हा आली की थांबा. मग पेडल दोन मिनिटं फिरवा, आणि सायकल तशीच ठेवून घरात जा. रात्रभर ठेवली तर उत्तम. तेल आत झिरपायला वेळ लागतो. सकाळी पुन्हा फडकं घ्या आणि बाहेरचं सगळं तेल पुसून काढा, साखळी हाताला कोरडी लागेपर्यंत. हा शेवटचा भाग लोक गाळतात. आपण घातलेलं तेल आपणच पुसायचं, हे जिवावर येतं. पण बाहेर राहिलेलं तेल फक्त धूळ गोळा करतं.

तेल कोणतं? सायकलच्या दुकानात कोरड्या हवेचं आणि पावसाळी अशी दोन मिळतात. पुण्यात ऑक्टोबर ते मे पहिलं, आता दुसरं. शिलाई मशीनचं तेल चालतं, पण ते पातळ असतं, लवकर उडतं, म्हणजे पुन्हापुन्हा घालावं लागतं. खोबरेल नको, थंडीत गोठतं. गाडीचं नवं इंजिन ऑइल जाड असतं, धूळ धरतं. आणि गॅरेजमधलं काढलेलं जळकं ऑइल कुणी फुकट दिलं तरी घेऊ नका, त्यात धातूचा कीस असतो. डब्ल्यूडी-४० च्या नेहमीच्या निळ्या डब्याबद्दल दर वेळी विचारतात. डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट, त्याच्या नावातच पाणी हटवणं आहे. गंजलेला नट सोडवायला, भिजलेली साखळी तात्पुरती वाचवायला चांगलं. वंगण म्हणून ते टिकत नाही.

वर्षातून दोन-तीनदा खोल सफाई लागते. साखळी काढायलाच हवी असं नाही. रॉकेल आता सहज मिळत नाही, डिझेल चालतं, दुकानातला डिग्रीझर, म्हणजे तेलकट मळ सोडवणारं द्रव, तोही चालतो. पेट्रोल मात्र कधीच नको, घरात तर नकोच. जुन्या टूथब्रशनं कडीकडी घासा. कॅसेटच्या चक्रांमधल्या फटीत कापडाची पट्टी घालून दोन्ही टोकं आळीपाळीनं ओढा, रवीची दोरी ओढतो तशी. डिरेलरच्या छोट्या चाकांवर काळी मेणासारखी पुटं चढतात, ती आइस्क्रीमच्या काडीनं खरवडा. मग साबणाचं पाणी, साधं पाणी, आणि उन्हात पूर्ण वाळवणं. आत डिझेल राहिलं तर नवं तेल पातळ करून टाकतं. डिस्क ब्रेक असतील तर आधी डिस्कवर पिशवी बांधा, तेलाचा एक तुषार ब्रेक पॅडची वाट लावतो. उरलेलं काळं डिझेल मोरीत किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका हो. झाकणाच्या बरणीत ठेवा. काही दिवसांत गाळ तळाशी बसतो, वरचं निवळ पुढच्या वेळी कामाला येतं.

मोटारसायकली धुण्याच्या केंद्रावर सायकल नेऊ नका. जोराच्या फवाऱ्यानं ती चकचकीत दिसते, पण पाणी चाकाच्या मधल्या हबमध्ये आणि दोन्ही पेडलांच्या मधल्या बेअरिंगमध्ये शिरतं. ग्रीस धुऊन जातं, छर्रे गंजतात.  बादली, मग आणि मऊ फडकं बास आहे.

पावसातून घरी आलात तर कितीही दमलेले असा, दोन मिनिटं साखळी पुसा. रात्रभर ओली राहिली की सकाळी ती नारिंगी दिसते. रिम ब्रेकवाल्यांनी आठवड्यातून एकदा ब्रेक शू बघावेत. पावसात रस्त्याची कच आणि ॲल्युमिनियमचे कण रबरात रुततात आणि रिम खरवडतात. सेफ्टी पिननं ते टोचून काढायचे. हवेचं माप टायरच्या बाजूवर छापलेलं असतं, ते वाचा. आणि पेडल बदलणार असाल तर डाव्या पेडलचे आटे उलटे असतात एवढं ध्यानात ठेवा. आमच्या पेठेतले सायकलवाले काका सांगायचे, डाव्या पेडलवर जोर करून आटे खलास केलेले क्रँक, म्हणजे पेडल ज्यात बसतं ते दांडे, त्यांच्याकडे दर महिन्याला यायचे.

बोलणं पुरे. मी तीन स्टीलच्या पट्ट्या आणि फाडलेल्या धोतराची पिशवीभर फडकी आणलीत. खाली पार्किंगमध्ये जिन्यालगत एक निळी सायकल उभी आहे, येताना तिची साखळी मला लांबूनच करकरताना ऐकू आली. जिची असेल तिनं हात वर करा. ताई, तुमची का? चला, तुमच्यापासूनच मोजायला लागू.