न्यू वेव्ह ऐकायचं ते खालून

श्रोतेहो, नमस्कार.

आज मी तुमच्याशी ज्या संगीताबद्दल बोलणार आहे, ते मी शाळेत असल्यापासून ऐकत आले आहे. आजही घरातली कामं आटोपली की मी पहिली रेकॉर्ड लावते ती त्यातलीच. ब्रिटन आणि अमेरिकेत सत्तरच्या दशकाच्या अखेरीला जे न्यू वेव्ह संगीत आलं, ते हे. त्याबद्दल बोलताना लोक सहसा केशभूषेबद्दल बोलतात, रंगीत कपड्यांबद्दल बोलतात, सिंथेसायझरबद्दल बोलतात. मला मात्र बोलायचं आहे ते बेस गिटारबद्दल. न्यू वेव्हचा जीव त्या चार जाड तारांत आहे, असं माझं ठाम मत आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९७६-७७ मध्ये पंक आलं. तीन कॉर्ड, प्रचंड आवाज आणि राग. वाद्य नीट येत नसलं तरी मंचावर चढायचं, ही हिंमत पंकने पोरांना दिली. त्याच क्लबांमधून, त्याच सुमाराला अशी काही पोरं पुढे आली, ज्यांच्याकडे ती हिंमत तर होतीच, शिवाय त्यांना चाल हवी होती, नाच हवा होता, जमैकाचा रेगे हवा होता. न्यूयॉर्कला बावरी नावाच्या रस्त्यावर सीबीजीबी हा क्लब होता. तिथे टॉकिंग हेड्स आणि ब्लॉन्डी हे बँड वाजवायचे. लंडनला द पोलीस आणि एल्व्हिस कॉस्टेलो, शेफील्डला ह्यूमन लीग, मँचेस्टरला जॉय डिव्हिजन. सगळ्यांचं संगीत एकमेकांपेक्षा वेगळं. पण एक गोष्ट बऱ्याच जणांनी केली. गिटारवाल्याची पाच-पाच मिनिटांची एकट्याची करामत काढून टाकली. गिटार पातळ झाली, टोकदार झाली, मध्येच दोन फटकारे मारून गप्प बसू लागली. मग मधे जी मोकळी जागा झाली, ती बेसने घेतली. नुसती साथ करणारं वाद्य चाल सांगू लागलं.

हे मला कळलं ते फार उशिरा, आणि कळलं ते माझ्या वडिलांमुळे.

आम्ही दादरला राहायचो. घरात एक ट्रान्झिस्टर होता. रात्री शॉर्टवेव्हवर बीबीसी लावायचं आणि तिथला निवेदक जॉन पील कोणत्या रेकॉर्डी वाजवतो ते कान लावून ऐकायचं. स्टेशन यायचं, जायचं, मधेच खरखर. त्या खरखरीतून गायकाचा आवाज आणि झांजा तेवढ्या पोचायच्या. ट्रान्झिस्टरचा तो एवढासा स्पीकर! बेस गिटारच्या सगळ्यात खालच्या तारेची कंपनं सेकंदाला साधारण ४१. तेवढी हवा ढकलायची ताकद त्या स्पीकरमध्ये कुठून येणार? त्यामुळे मी जे संगीत ऐकत होते, त्याचा खालचा मजलाच मला माहीत नव्हता.

माझा मामा बोटीवर होता. एकदा येताना त्याने द पोलीसची दुसरी एलपी आणली, ‘रेगाटा द ब्लाँक’, १९७९ची. शेजारच्या काकांकडे मोठा रेकॉर्ड प्लेअर होता, खोक्याएवढ्या लाकडी स्पीकरांचा. एका रविवारी तो आमच्या खोलीत आणून लावला. दुसऱ्या बाजूला ‘वॉकिंग ऑन द मून’ सुरू झालं. बाबा भजनी मंडळात तबला वाजवायचे. इंग्रजी गाण्यांशी त्यांचा काही संबंध नव्हता. ते पेपर वाचत बसले होते. अर्ध्या मिनिटात पेपर खाली ठेवला आणि मला म्हणाले, “अगं, ह्यांचा डग्गा किती छान बोलतोय. कोण आहे तो?”

मी म्हटलं, “बाबा, डग्गा नाही, ते बेस गिटार आहे. आणि जो वाजवतोय तोच गातोय.”

“तोच गातोय?” बाबांनी गाणं परत लावायला लावलं.

ते गाणं तुम्ही जरूर ऐका. स्टिंग, म्हणजे तोच गाणारा बेसवाला, मोजके सूर वाजवतो आणि थांबतो. पुढचा सूर येईपर्यंत मोठी पोकळी. त्या पोकळीत स्टुअर्ट कोपलंडची झांज किणकिणते, अँडी समर्सची गिटार एकच कॉर्ड सोडून देते आणि ती हवेत विरत जाते. मग पुन्हा तेच सूर. बाबांचं म्हणणं होतं की डग्ग्यावर हात ठेवायचा कधी हे कुणालाही शिकवता येतं, उचलायचा कधी हे शिकवता येत नाही. स्टिंगला ते येत होतं. तिघांनीच केलेलं संगीत, पण कुठे काही कमी आहे असं वाटत नाही.

ह्याच पोलीसने २६ मार्च १९८० रोजी मुंबईत कार्यक्रम केला होता. टाइम अँड टॅलेंट्स क्लब ह्या मुंबईतल्या जुन्या धर्मादाय संस्थेने तो ठेवला होता. ज्या काळात परदेशी रॉक बँड आपल्याकडे फिरकत नसत, त्या काळात हे लोक जगभर फिरता फिरता मुंबईला आले. माझी दहावीची परीक्षा होती. शिवाय तेव्हा मला त्यांचं नावही माहीत नव्हतं. मामाची रेकॉर्ड आली ती त्यानंतर काही महिन्यांनी. जिथे आपण रोज लोकलने जातो, त्याच शहरात ते गाऊन गेले, ही हुरहुर माझ्या मनातून पुष्कळ वर्षं गेली नाही.

आता टीना वेमथ. टॉकिंग हेड्सची बेसवादक. मुलगी बेस वाजवते हे मी पहिल्यांदा एका रेकॉर्डच्या कव्हरवरून वाचलं आणि मला इतका आनंद झाला की काय सांगू! ती, ड्रम वाजवणारा क्रिस फ्रँट्झ आणि गायक डेव्हिड बर्न ऱ्होड आयलंडच्या कला महाविद्यालयातले. बँडला बेसवाला मिळेना, म्हणून फ्रँट्झने तिला बेस शिकायला लावलं. सुझी क्वाट्रोच्या रेकॉर्डी ऐकून शीक म्हणाला. ती शिकली, आणि थोड्याच काळात सीबीजीबीच्या मंचावर उभी राहिली. तिच्या वाजवण्यात दिखावा अजिबात नाही. ‘सायको किलर’ची सुरुवात घ्या. ठाक ठाक पावलं टाकत कुणी तरी जिना चढून येतंय असं वाटतं, आणि अजून कुणी एक शब्दही गायलेला नसतो.

१९८०मध्ये त्यांनी निर्माता ब्रायन इनोबरोबर ‘रिमेन इन लाइट’ ही एलपी केली. बहामामधल्या नासाऊला, कंपास पॉइंट स्टुडिओत. नायजेरियाच्या फेला कुटीचं संगीत त्यांच्या डोक्यात घोळत होतं. गाणं म्हणजे अंतरा, मुखडा आणि कॉर्डांची चढउतार, हे त्यांनी बाजूला ठेवलं. एक ठेका धरायचा, त्यावर थर चढवत जायचे, आणि बेसने सगळ्यांना एका जागी बांधून ठेवायचं. ‘वन्स इन अ लाइफटाइम’मध्ये टीना इतके कमी सूर वाजवते की आपण मोजायला लागतो, आणि मोजता मोजता मान डोलायला लागते.

त्यांच्या कार्यक्रमावर जोनाथन डेमीने १९८४मध्ये ‘स्टॉप मेकिंग सेन्स’ हा चित्रपट काढला. त्यात पहिल्या गाण्याला बर्न रिकाम्या मंचावर एकटा येतो, गिटार आणि एक टेपरेकॉर्डर घेऊन. दुसऱ्या गाण्याला त्याच्या शेजारी फक्त टीना येऊन उभी राहते. ड्रम नंतर, बाकीचे सगळे त्याच्याही नंतर. रिकामा मंच भरायला कुठून सुरुवात करायची, हे त्या लोकांना पक्कं ठाऊक होतं.

आणि मग पीटर हुक. जॉय डिव्हिजनचा आणि पुढे न्यू ऑर्डरचा. त्याची गोष्ट मला फार आवडते. तालमीत बर्नर्ड समनरची गिटार एवढी जोरात वाजायची की हुकला त्याच्या स्वस्तातल्या स्पीकरवर स्वतःचे खालचे सूर ऐकूच यायचे नाहीत. म्हणून तो गिटारच्या पट्टीवर जिथे उंच सूर निघतात तिथे जाऊन वाजवू लागला. तिथले सूर त्या गोंगाटातून बाहेर यायचे. गायक इयन कर्टिसच्या ते लक्षात आलं, त्याने त्याला तसंच वाजवायला सांगितलं. ‘लव्ह विल टेअर अस अपार्ट’ची चाल तुमच्या डोक्यात राहते ना, ती बेसची चाल आहे. कर्टिसने १८ मे १९८० रोजी आयुष्य संपवलं. तेवीस वर्षांचा होता. बँड दुसऱ्या दिवशी अमेरिकेला निघायचा होता. राहिलेल्यांनी नाव बदललं, गिलियन गिल्बर्ट येऊन मिळाली, आणि न्यू ऑर्डर उभा राहिला.

त्यांचं ‘ब्लू मंडे’ मार्च १९८३मध्ये आलं, साडेसात मिनिटांचं, बारा इंची सिंगलवर. ही बारा इंची काय भानगड आहे ते सांगते, कारण रेकॉर्डवेड्यांना त्यातच खरी गोडी असते. खालचा सूर रेकॉर्डवर कोरायचा तर खाचेला जास्त डुलावं लागतं, म्हणजे जागा जास्त लागते. एलपीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं कोंबायची असली की खाचा दाटीवाटीने येतात आणि बेसला आवरतं घ्यावं लागतं. बारा इंची सिंगलवर एका बाजूला एकच गाणं. खाचा ऐसपैस. तबकडी तिरकी धरून दिव्याखाली बघा, बेस जिथे जोरात आहे तिथे त्यांच्यातलं अंतर वाढत गेलेलं दिसतं. माझ्याकडच्या ‘ब्लू मंडे’कडे मी अशी कितीतरी वेळ बघत बसले आहे. तिचं कव्हर पीटर सॅव्हिलने कॉम्प्युटरच्या फ्लॉपीसारखं केलं. पुढे बँडचं नाव नाही, गाण्याचं नाव नाही, कडेला फक्त रंगांचे चौकोन. ते रंग म्हणजे सांकेतिक अक्षरं.

आतलं संगीत तर त्याहून नवलाचं. समनरने सुटे भाग आणून घरी जोडलेला सीक्वेन्सर, म्हणजे सूर ठरलेल्या क्रमाने आपोआप वाजवणारं यंत्र, आणि गिल्बर्टने एकमेकांना चिकटवलेल्या कागदांवर लिहून काढलेले सगळे सूर. त्यात एक सूर राहून गेला, त्यामुळे वरची चाल ठेक्यापासून किंचित सरकली. ती तशीच ठेवली त्यांनी. यंत्राचा बेस खाली धडधडत असतो आणि त्याच्या वरून हुकची खरी बेस गिटार गात येते. यंत्र आणि माणूस एकाच गाण्यात, दोघांची नावं वेगळी सांगता यावीत इतके स्पष्ट.

जाता जाता मुंबईची एक गोष्ट. ‘ब्लू मंडे’च्या आदल्याच वर्षी, १९८२मध्ये, हिंदी चित्रपटांत वाजवणारे चरणजीत सिंग यांनी रोलंड कंपनीच्या नव्या यंत्रांवर भैरव, ललत, भूप असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवून एलपी काढली. त्यातलं टीबी-३०३ हे यंत्र मुळात बेसवाल्याच्या जागी वापरायला बनवलेलं होतं. रेकॉर्ड तेव्हा फारशी कुणी घेतली नाही. २०१०मध्ये ती परत निघाली आणि जगभरचे लोक चकित झाले. न्यू वेव्हशी तिचं थेट नातं नाही, पण मी माझ्या कपाटात ती ‘ब्लू मंडे’शेजारी ठेवली आहे आणि ती तिथे शोभते.

रेकॉर्डबद्दल एवढं बोलले, आता कार्यक्रमांबद्दल. बेस कानाने ऐकू येतो हे अर्धंच खरं. त्या खालच्या तारेच्या ध्वनिलहरीची लांबी आठ मीटरच्या आसपास असते. आपल्या खोलीपेक्षा ती लांब. ती मोकळी पसरते ती मैदानावर, मोठ्या सभागृहात. २००७मध्ये पोलीसचे तिघं पुन्हा एकत्र आले. माझी बहीण लंडनला असते, तिच्याकडे जाऊन मी सप्टेंबरमध्ये त्यांना ट्विकनमच्या रग्बी मैदानावर ऐकलं. एवढं अफाट मैदान आणि मंचावर तीनच माणसं, जादा वादक कुणी नाही. स्टिंगच्या गळ्यात जुनी, रंग उडालेली, लाकूड झिजलेली फेंडर बेस. आम्ही बरेच मागे होतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, त्यामुळे पडद्यावर त्याचं बोट तारेवरून सुटलेलं आधी दिसायचं आणि सूर क्षणभराने यायचा. यायचा तो पायांतून. मग पोटात, मग बरगड्यांत. ‘वॉकिंग ऑन द मून’ सुरू झालं तेव्हा मी बहिणीचा हात घट्ट धरला. “बाबांना आवडलं असतं,” ती म्हणाली. तिलाही तो रविवार आठवत होता.

काही वर्षांनी मँचेस्टरला पीटर हुकला ऐकलं. न्यू ऑर्डरपासून तो वेगळा झाला आहे, आणि द लाइट ह्या आपल्या बँडबरोबर जुन्या एलपी पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत वाजवतो. एक पाय पुढे टाकून उभा, बेस पार गुडघ्यापर्यंत लोंबणारी. पण तो गाऊ लागला की बेस कोण वाजवणार? त्याचा मुलगा, जॅक बेट्स. मंचावर दोन बेस, बाप आणि लेक. बाप शब्द गातो तेव्हा मुलगा खालची बाजू सांभाळतो, शब्द संपले की बाप वरच्या सुरांत शिरतो. माझ्या आसपास पिकलेल्या केसांची माणसं होती, त्यांची विशीतली मुलंही होती. आणि ‘लव्ह विल टेअर अस अपार्ट’च्या वेळी पुष्कळ जण शब्द सोडून ती बेसची चाल गुणगुणत होते. मीही.

मुंबईतलं काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे रेकॉर्डींचं दुकान २०१६मध्ये बंद झालं. तिथे उभं राहून कॅसेटींची कव्हरं वाचण्यात माझ्या कॉलेजच्या दुपारी गेल्या. आता ही सगळी गाणी तुमच्या फोनवर आहेत. पण माझी एक विनंती आहे. फोनचा स्पीकर त्या जुन्या ट्रान्झिस्टरपेक्षाही लहान असतो. निदान चांगला हेडफोन लावा, नाही तर कुणाकडे मोठे स्पीकर असतील तर त्यांच्याकडे जा. ‘वॉकिंग ऑन द मून’पासून सुरुवात करा. पहिल्यांदा नेहमीसारखं ऐका. दुसऱ्यांदा गायकाकडे लक्षच देऊ नका, फक्त खालचे सूर धरा. मग ‘वन्स इन अ लाइफटाइम’, मग ‘ब्लू मंडे’. आणि घरात कुणी तबला वाजवणारं असेल, तर त्यांना नक्की शेजारी बसवा.

नमस्कार.